एका रात्रीचा रहिवास

अमेरिकेतील निवृत्त गृहस्थांचा एक वर्ग असा आहे, की ज्याने आयुष्यभराच्या कमाईतून उभे केलेले घर विकून टाकले आहे, सामानसुमान मुलांना आणि शेजाऱ्यांना वाटून दिले आहे, आणि उरलेला संसार चाकांवर चढवून तो देशभर संचार करीत असतो. यांतील ज्यांचे फिरते घर मोठे असते, म्हणजे सामानासकट 20,000 पौंडांच्या घरात जाते, त्यांना साध्या पिकअप ट्रकचा भरवसा वाटत नाही. चढावर इंजिन धापा टाकते आणि उतारावर ब्रेक केव्हा हार खातील याची शाश्वती नसते. म्हणून असे लोक मालवाहतुकीत लक्षावधी मैल धावून बाजूला पडलेला व्होल्वो, फ्रेटलाइनर किंवा केनवर्थचा ट्रॅक्टर विकत घेतात, त्याच्या मागच्या दोन आसांपैकी पुष्कळदा एक काढून टाकतात, चालकाच्या निजण्याच्या खोलीमागे सपाट तळ बसवितात, त्यावर गावात फिरण्यासाठी एखादी चिमुकली मोटार आडवी चढवून बांधतात आणि सर्वांच्या मागे आपले घर जोडतात. हा सरंजाम सिद्ध झाला, आता प्रस्थान ठेवायचे, असे म्हणेपर्यंत सरकारी कचेरीतील कारकून एक साधा प्रश्न विचारतो: हे वाहन कोणत्या राज्याचे? आणि ज्याने घर मुद्दाम टाकले त्याला उत्तरादाखल घर शोधावे लागते.

आपल्याकडे बदलीच्या नोकरदारांसाठी 2021 पासून भारत मालिकेची पाटी निघाली, त्यामुळे निदान काही वाहनांना साऱ्या देशाचे नाव लावता येते. अमेरिकेत खाजगी वाहनाला देशाची म्हणून पाटीच नाही. पाटी राज्याची, वाहन चालविण्याचा परवाना राज्याचा, मत राज्यातल्या एखाद्या तालुक्यातले, मृत्युपत्राचा निवाडाही राज्याच्याच कायद्याने. पन्नासांपैकी एकाचे होणे भाग आहे आणि कोणाचे व्हायचे ते या फिरस्त्याने स्वतः ठरवायचे आहे. जन्माने मिळालेले गाव, वाडवडिलांकडून आलेली जमीन, नोकरीने नेऊन बसविलेले शहर, यांपैकी कशाचाही दाब नसताना, कोऱ्या मनाने आपले मूळस्थान निवडण्याचा प्रसंग मनुष्यजातीच्या इतिहासात फार थोड्यांवर आला असेल. म्हणूनच ट्रक कोठे नोंदवावा हा वरकरणी महसुली दिसणारा प्रश्न मला धर्मविचाराचा प्रश्न वाटतो, आणि त्याच दृष्टीने मी त्याचा येथे विचार करणार आहे.

आधी ट्रकाचेच पाहू. कारण कायदा या वाहनाला जो प्रश्न विचारतो तोच पुढे त्याच्या मालकाला विचारतो. अमेरिकेत 26,000 पौंडांची एक मर्यादा मानलेली आहे. त्याहून अधिक भाराचे वाहन धंद्यासाठी चालवायचे तर धंदेवाईक चालकाचा परवाना लागतो, वजनकाट्यापाशी थांबावे लागते, तासांचा हिशेब ठेवावा लागतो. आपला ट्रॅक्टर या मर्यादेच्या पुष्कळ पलीकडचा असतो. पण तो भाड्याने माल नेत नाही. तो मालकाचा बिछाना, पुस्तके आणि स्वयंपाकाची भांडी नेतो. तेव्हा तेच लोखंड, तेच इंजिन, तेच वजन असूनही केवळ हेतू बदलल्याने त्याची जात बदलते. कित्येक मालक दारावर ‘खाजगी, भाड्यासाठी नाही’ अशी अक्षरे रंगवून हा हेतू जाहीर करतात. हा हेतू किती मानायचा हे मात्र प्रत्येक राज्य आपापल्या परीने ठरविते. कोठे अशा ट्रॅक्टरची नोंद मोटारघर म्हणून होते, कोठे खाजगी ट्रक म्हणून. टेक्सास त्याच्या चालकाकडून वरच्या वर्गाचा बिगर-धंदेवाईक परवाना मागते आणि त्यासाठी परीक्षा घेते, तर दक्षिण डाकोटात साध्या मोटारीचा परवानाच पुरतो. एका राज्याने दिलेला परवाना आणि पाटी दुसरी राज्ये मान्य करतात. त्यामुळे मूळ राज्याने जे सोपे केले ते सर्वत्र सोपे होते. निवडीला महत्त्व येते ते यामुळे.

फिरस्त्यांची पसंती मुख्यतः तीन राज्यांना आहे: दक्षिण डाकोटा, टेक्सास आणि फ्लोरिडा. तिन्हींत वैयक्तिक उत्पन्नावर राज्याचा कर नाही. वाहन घेताना दक्षिण डाकोटा किमतीच्या 4 टक्के कर घेते, फ्लोरिडा 6 टक्के, टेक्सास सव्वासहा टक्के. मोंटानात विक्रीकरच नसल्याने तेथे नावापुरती एक कंपनी काढून तिच्या नावे वाहन नोंदविण्याची युक्तीही पुष्कळांनी योजिली आहे, आणि आपल्याच रहिवाशांच्या दारात मोंटानाच्या पाट्या पाहून इतर राज्यांनी त्यांच्यामागे वसुलीचा तगादाही लावला आहे. त्या युक्तीचा विचार मी करीत नाही. कारण तीत मनुष्य कोठेच राहत नाही, फक्त एक कागद राहतो. विचार करण्यासारखी गोष्ट दक्षिण डाकोटाची आहे. तेथे फिरस्त्याला परवाना हवा असेल तर टपाल स्वीकारून पुढे धाडणाऱ्या एखाद्या संस्थेकडे पत्ता घ्यावा, राज्यातील एखाद्या छावणीत किंवा हॉटेलात एक रात्र मुक्काम करावा आणि त्या मुक्कामाची पावती कचेरीत दाखल करावी. परवाना पाच वर्षांसाठी मिळतो. बारा महिने वास्तव्य नको, जमीन नको, घर नको. एका रात्रीत मनुष्य त्या राज्याचा होतो.

या एका रात्रीविषयी वाचले तेव्हा मला आपल्या परंपरेतील दुसरी एक रात्र आठवली, आणि तेव्हापासून या दोन रात्री माझ्या मनात एकमेकींसमोर उभ्या आहेत. आपल्या धर्मशास्त्रकारांनी परिव्राजक संन्याशाला गावात एका रात्रीहून अधिक राहू नये असे सांगून ठेवले आहे. कारण दुसऱ्या रात्री ओळख होते, तिसऱ्या रात्री ओढ लागते, आणि ज्या ममत्वाचा त्याने विधिपूर्वक त्याग केला ते पुन्हा पायांत घोटाळू लागते. घर होऊ नये म्हणून त्याला एक रात्र दिलेली आहे. दक्षिण डाकोटात मात्र घर व्हावे म्हणून एक रात्र दिलेली आहे. देहाची क्रिया तीच, अंथरूण टाकणे आणि सकाळी उठून चालू लागणे. आणि तिचे फल मात्र सर्वस्वी विपरीत. यावरून क्रियेचा अर्थ क्रियेत नसून संकल्पात असतो, हे जसे सिद्ध होते, तसाच दुसराही प्रश्न उपस्थित होतो: संकल्प खरा कशाने ठरतो? तोंडाने उच्चारल्याने, कागदावर सही केल्याने, की त्याच्या मागोमाग येणारा भार उचलल्याने?

पाश्चात्य विधिशास्त्राने या प्रश्नाचा विचार फार सूक्ष्मपणे केलेला आहे. मनुष्याचा कायम रहिवास ठरविताना ते दोन गोष्टी पाहते: त्या भूमीवर देहाचे प्रत्यक्ष असणे, आणि तेथेच राहण्याचा, निदान तेथेच परतण्याचा मानस. यांतील एकटी कोणतीही पुरत नाही. पण दोन्ही एका क्षणी जुळल्या तर तो एक क्षण पुरतो. पश्चिम व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1888 मध्ये दिलेला एक निवाडा या बाबतीत प्रसिद्ध आहे. मायकेल व्हाइट नावाच्या शेतकऱ्याने त्या राज्यातील आपली शेती विकली आणि सरहद्दीपलीकडे पेन्सिल्व्हेनियात एक घर राहावयास घेतले. 1885 च्या एप्रिलमध्ये तो बायको, सामान व गुरे घेऊन तेथे पोहोचला, सामान उतरविले, गुरे सोडली. परंतु घर ओलसर होते आणि बायकोला बरे वाटत नव्हते, म्हणून रात्रीपुरते दोघे सरहद्दीच्या अलीकडे आप्तांच्या घरी निजावयास गेली. बायकोला विषमज्वर निघाला. तिची शुश्रूषा करीत, रोज पलीकडे जाऊन गुरांकडे पाहत, त्यालाही तोच ज्वर जडला आणि नव्या घरात एकही रात्र न काढता तो वारला. मृत्युपत्र नव्हते. पश्चिम व्हर्जिनियाच्या कायद्याने त्याची सर्व जंगम मालमत्ता विधवेला मिळाली असती, पेन्सिल्व्हेनियाच्या कायद्याने अर्धीच. न्यायालयाने निर्णय दिला, की सामान उतरविले त्या क्षणी तो पेन्सिल्व्हेनियाचा झाला होता. त्या विधवेच्या पदरात अर्धी मालमत्ता पडली. तिच्याविषयी वाटणारी करुणा बाजूला ठेवूनही मला या निवाड्यात एक गंभीर सत्य दिसते: घर होण्यास तेथे झोपावे लागत नाही, तेथे आपले ओझे उतरवावे लागते. व्हाइटने गुरे तेथे सोडली होती आणि आजारपणातही त्यांच्यासाठी तो तेथे जात होता.

याउलट पुष्कळ रात्री काढूनही घर निश्चित होत नाही. डबाबंद सूपच्या धंद्यात अपार संपत्ती मिळविलेले जॉन डॉरन्स 1930 मध्ये निवर्तले, तेव्हा पेन्सिल्व्हेनिया आणि न्यू जर्सी या दोन्ही राज्यांच्या न्यायालयांनी ते आपलेच रहिवासी असल्याचे ठरविले, आणि दोन्ही राज्यांनी वारसाकर वसूल केला. मनुष्य दोन ठिकाणी वावरला आणि कोठला होता ते शेवटपर्यंत आचरणाने ठरले नाही, की मृत्यूनंतर ते महसूल खाते ठरविते.

येथे फिरस्त्यांच्या बाजूने जे म्हणता येईल ते नीट ऐकून घेतले पाहिजे. ते म्हणतील, आम्ही कोणास फसवीत नाही. राज्याने जी अट घातली ती पाळतो. आम्ही जेथे जातो तेथे पेट्रोल-डिझेलवरचा कर भरतो, छावणीचे भाडे भरतो. जे राज्य आमचे उत्पन्न पाहतही नाही त्याला निवडण्यात अधर्म कोणता? कायद्याच्या भूमिकेतून यास उत्तर नाही, आणि असूही नये. भाड्याच्या वाहनाने राज्य सोडून जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशावर नेवाडाने एक डॉलरचा कर बसविला होता, तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1868 मध्ये रद्द केला. आणि ज्या राज्यात नागरिक वास्तव्य करील त्या राज्याचा तो पूर्ण नागरिक, हे तत्त्व त्याच वर्षी मंजूर झालेल्या चौदाव्या घटनादुरुस्तीत नमूद झाले. कोठेही जावे, कोठेही राहावे, आणि आल्यापासून परका न मानला जावा, हा हक्क अमूल्य आहे. मुंबईत येऊन पोट भरणाऱ्या लक्षावधींना ज्याची किंमत कळते तो हक्क मराठी माणसाने तरी हलका लेखू नये. राज्याने फिरस्त्याच्या अंतःकरणात डोकावू नये हेच उचित आहे. परंतु राज्याने जेथे डोकावू नये तेथे मनुष्याने स्वतः डोकावावे, याचेच नाव धर्म.

मोटारघर कशाला म्हणावे याची अमेरिकन वाहन-नियमांत एक व्याख्या आहे. स्वयंपाकाची सोय, शीतपेटी, स्वयंपूर्ण शौचकूप, हवा तापविण्याची किंवा थंड करण्याची व्यवस्था, नळ व मोरीसह पिण्याचे पाणी, आणि विजेचा स्वतंत्र पुरवठा किंवा गॅस; या सहांपैकी किमान चार असतील तर ते वाहन मोटारघर. व्याख्या चोख आहे आणि व्यवहाराला पुरेशी आहे. पण मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायातही गृहस्थाच्या घरातील वस्तूंची एक गणना आहे, आणि ती या व्याख्येशेजारी ठेवून पाहिल्यावाचून मला राहवत नाही. चूल, जाते-पाटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा, अशा पाच वस्तू तेथे सांगितल्या आहेत. परंतु त्या सोयी म्हणून सांगितलेल्या नाहीत. या पाच ठिकाणी गृहस्थाच्या हातून नकळत जीवहिंसा घडते, म्हणून त्यांना पंचसूना म्हणजे पाच वधस्थाने म्हटले आहे, आणि त्यांच्या निष्कृतीसाठी त्याने रोज पाच महायज्ञ करावेत असे विहित केले आहे: अध्ययन-अध्यापनाने ऋषींचे, तर्पणाने पितरांचे, होमाने देवांचे, बलीने भूतमात्रांचे आणि आतिथ्याने मनुष्यांचे. दोन्ही याद्यांत चूल आणि पाणी समान आहे. एक यादी गृहस्थाला काय मिळते ते सांगते, दुसरी तो काय देणे लागतो ते. आणि माझे मत असे, की घराची खरी ओळख दुसरीने होते. ज्या भूमीचे आपण काहीच देणे लागत नाही असे आपणांस वाटते, तेथे चूल असली तरी घर नाही. मनुस्मृतीतील इतर पुष्कळ गोष्टी आज त्याज्य आहेत आणि त्या टाकल्याच पाहिजेत; पण घर उभे राहताच ऋण उभे राहते, ही दृष्टी टाकण्यासारखी नाही.

हा विचार केवळ पोथीतला नव्हे. आपल्या मुलखाच्या जुन्या जमाबंदीत तो व्यवहार म्हणून नांदत होता. मराठेशाहीतील गावात कुळे दोन प्रकारची असत, मिरासदार आणि उपरी. उपरी बाहेरून येई, सवलतीच्या दराने पडीक जमीन कसायला घेई, आणि करार संपला किंवा दुसरीकडे बरे दिसले की उठून जाई. मिरासदाराचा धारा सामान्यतः जड असे, गावखर्चाचा आणि पै-पाहुण्यांचा बोजाही त्याच्याच डोक्यावर येई. आणि तरीही मिरास कोणी सुखासुखी सोडीत नसे. कारण गावाच्या कारभारात त्याला शब्द होता, आणि दुष्काळाने किंवा फौजांच्या धामधुमीने परागंदा व्हावे लागले, तरी वर्षांनंतर परत येऊन आपली जमीन मागण्याचा त्याचा हक्क गाव मानीत असे. अधिक देणारा तो परतण्याचा अधिकारी. कमी देणे हेच ज्याचे स्थान निवडण्याचे कारण, तो उपरी. त्यात पाप काही नाही, उपऱ्यांनी महाराष्ट्रातील किती ओसाड जमीन लागवडीस आणली आहे. पण उपऱ्याने स्वतःस मिरासदार म्हणवू नये. एका रात्रीच्या पावतीवर जो आपणास डाकोटाचा म्हणवितो, त्याने मिरासीचे नाव धारण केले आहे आणि धारा मात्र उपऱ्याचा पत्करला आहे. खुद्द त्या राज्यालाही हे जाणवलेले दिसते: 2023 मध्ये तेथील विधिमंडळाने मतदार म्हणून नाव लावण्यासाठी 30 दिवसांच्या वास्तव्याची अट घातली. एका रात्रीत परवाना द्यावा, मताधिकार देऊ नये, असा तो भेद आहे; आणि मला तो न्याय्य वाटतो.

आता ज्या भूमीविषयी हे चालले आहे तिच्याकडे वळू, कारण मूळस्थान निवडताना त्या स्थानाची हकीकत न विचारणे ही मोठी उपेक्षा होय. दक्षिण डाकोटाच्या पश्चिम भागात काळे डोंगर म्हणून ओळखली जाणारी, गर्द झाडीने दुरून काळी भासणारी पर्वतराजी आहे. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी लाकोटा लोक तिला पहा सापा म्हणतात. तेथील एका गुहेच्या मुखातून, जिच्यातून वारा आतबाहेर वाहत असतो, आपले पूर्वज भूगर्भातून पृथ्वीवर आले अशी त्यांची श्रद्धा आहे. म्हणजे ती भूमी त्यांच्या पूर्वजांनी मिळविलेली नाही. तिने पूर्वजांना प्रसविले आहे. 1868 मध्येच, सर्वोच्च न्यायालयाने संचाराचा हक्क राखला आणि चौदावी दुरुस्ती मंजूर झाली त्याच वर्षी, अमेरिकन सरकारने फोर्ट लारामी येथील तहाने हे डोंगर लाकोटांच्या निर्वेध वहिवाटीस लिहून दिले. 1874 मध्ये तेथे सोने आढळले. पुढच्या दोन वर्षांत खाणकऱ्यांची रीघ लागली. आणि शिकारीमागे फिरणाऱ्या लाकोटांना हुकूम झाला, की 31 जानेवारी 1876 पूर्वी नेमून दिलेल्या ठाण्यांवर हजर व्हावे, नाहीतर शत्रू समजले जाल. 1877 मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा करून डोंगर घेतले. ज्या वर्षी एका समाजाला वाटेल तेथे जाण्याचा आणि जाईल तेथले होण्याचा अधिकार मिळाला, त्याच वर्षी दुसऱ्या समाजाला आपल्या जागी राहण्याचे वचन मिळाले. आणि पहिले पाळले गेले, दुसरे दहा वर्षांच्या आत मोडले गेले. संचार करणारे लाकोटाही होते. त्यांचा संचार गुन्हा ठरला.

शंभर वर्षांनी, 1980 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन योग्य मोबदल्यावाचून घेतली गेल्याचे मान्य केले आणि व्याजासह दहा कोटी डॉलरांहून अधिक भरपाईचा निवाडा कायम केला. लाकोटांनी ती रक्कम घेतली नाही. डोंगर विकाऊ नव्हते व नाहीत, आम्हांस डोंगर हवेत, असे त्यांचे म्हणणे आहे. सरकारी खजिन्यात पडून राहिलेली ती रक्कम व्याजाने वाढत शंभर कोटी डॉलरांच्या पुढे गेली आहे, आणि तिचे धनी अमेरिकेतील अत्यंत दरिद्री वस्त्यांत राहत आहेत. दारिद्र्याचे गोडवे गाण्याचा माझा मुळीच उद्देश नाही; त्या वस्त्यांतील अनारोग्य आणि बेकारी ही कोणत्याही श्रद्धेची शोभा नव्हे. पण भुकेसमोर एवढे द्रव्य ठेवलेले असताना पिढ्यान्‌पिढ्या त्याला हात न लावणारा हा समाज मूळस्थान या कल्पनेला जे मोल देतो, त्याच्या शेजारीच, त्याच राज्यात, मुक्कामाच्या एका पावतीवर मूळस्थान मिळते. या दोन गोष्टी एका भूमीवर एकाच काळी खऱ्या आहेत, हे ज्याला अस्वस्थ करीत नाही त्याने निवासाच्या धर्माचा विचार अजून आरंभिलेलाच नाही, असे मला वाटते.

मग सगळ्यांनी जन्मभूमीलाच चिकटून राहावे काय? असा निष्कर्ष काढला तर तो आपल्याच थोर पुरुषांवर अन्याय होईल. महानुभाव पंथाचे प्रवर्तक, तेराव्या शतकातील चक्रधरस्वामी मूळचे गुजरातेतील भडोचचे. त्यांनी आपल्या अनुयायांना स्वदेशाचा, स्वग्रामाचा आणि आप्तसंबंधांचा त्याग करण्यास सांगितले. आणि त्याच उपदेशात महाराष्ट्रात राहण्याचीही आज्ञा केली. वरवर पाहता यात विसंगती आहे: देश टाका म्हणणारा एका देशाचे नाव घेतो. परंतु स्वदेश टाकावयाचा तो तेथे आपला अहंकार आणि आपली सोय पोसली जाते म्हणून. आणि महाराष्ट्रात राहावयाचे ते तेथे धर्म सिद्धीस जाण्यास भूमी अनुकूल आहे, असा त्यांचा निश्चय होता म्हणून. निवडलेले मूळस्थान जन्माच्या मूळस्थानाहून कमी प्रतीचे नसते, याला महानुभावांच्या परंपरेएवढे भक्कम प्रमाण मराठी माणसाला दुसरे कशाला हवे? त्यांनी या भूमीची भाषा आपल्या शास्त्राची भाषा केली. निवड त्यांनी केली आणि निवडीचे ऋण त्यांनी अशा रीतीने फेडले, की आज मराठी गद्याचा इतिहास त्यांच्यापासून सांगावा लागतो.

या दृष्टीने पाहता तीन राज्यांपैकी निवड कशी करावी याचे उत्तर मला टेक्सासातील लिव्हिंग्स्टन या लहानशा गावी सापडते. जो आणि के पीटरसन या दांपत्याने 1978 मध्ये फिरस्त्यांसाठी एस्केपीज नावाची संघटना काढली. तिचे मुख्य ठाणे या गावी आहे आणि सभासदांचे टपाल तेथूनच देशभर पाठविले जाते. हजारो फिरत्या संसारांचा पत्ता हे एक गाव आहे. इतकेच असते तर ते डाकोटातील टपालपेटीहून निराळे नव्हते. परंतु या मंडळींनी तेथे आणखी एक व्यवस्था उभी केली: जे वार्धक्याने किंवा आजाराने पुढे जाऊ शकत नाहीत त्यांनी आपले फिरते घर तेथे लावावे, त्यांना जेवण मिळावे, डॉक्टरांच्या भेटीला न्यायला कोणी असावे, आणि हे काम शक्यतो इतर फिरस्त्यांनी, वाटेवरून जाताना काही काळ थांबून, हाताने करावे. आतिथ्याचा जो पाचवा यज्ञ मनुस्मृतीने चुलीशी बांधला, तो येथे चाकांवरच्या चुलीशी बांधला गेला आहे. आज जो सेवा करतो तो उद्या तेथेच सेवा घेईल, आणि तेथे परतण्याचा त्याचा मानस पावतीने सिद्ध करावा लागणार नाही.

टेक्सास ट्रकावर अधिक कर घेते. आपल्या अवजड ट्रॅक्टरसह परीक्षा द्यायला लावते. आणि ते मला दोष न वाटता गुण वाटतो, कारण 26,000 पौंडांहून अधिक लोखंड घेऊन डोंगरउतारावर जाणारा आपल्यापुढे चाललेल्या कुटुंबाचे काही देणे लागतो, आणि ते देणे मागणारे राज्य त्याला अधिक मानाने वागविते. आणि एकदा त्या राज्याचे झाल्यावर ज्यूरीचे बोलावणे आले तर ते टाळण्याच्या सबबी न शोधता जावे, स्थानिक शाळेच्या किंवा पाण्याच्या प्रश्नावर मत द्यावयाचे तर तो प्रश्न समजून घ्यावा, नाहीतर ते मत कोरे सोडावे. हे सर्व कोणत्याही राज्यात करता येईल. ज्याला डाकोटाच निवडावयाचे असेल त्याने तेही अवश्य निवडावे. पण मग लाकोटांचा तो न स्वीकारलेला पैसा आता त्याच्याही राज्याच्या इतिहासाचा भाग झाला, हे त्याने मनाशी पक्के करावे, आणि त्यांच्या मागणीवर नागरिक म्हणून आपले मत बनवून ते बोलून दाखवावे.

परिव्राजकालाही शास्त्राने वर्षातून एक अपवाद करून दिला आहे. पावसाळ्यात, वाटांवर जीवजंतू फार होतात म्हणून, त्याने चातुर्मास एकाच गावी काढावा. आणि त्या गावाला त्याच्याकडून ज्ञान, व त्याला त्या गावाकडून अन्न मिळावे, अशी ती देवघेव आहे. अमेरिकेत चाकांवर संसार थाटण्याच्या विचारात असलेल्या मराठी गृहस्थांना, आणि त्यांची संख्या आता अगदीच उपेक्षणीय राहिलेली नाही, माझी एवढीच विनंती आहे, की ट्रकाची पाटी घेण्यापूर्वी त्या राज्यात एक रात्र काढू नये. एक ऋतू काढावा, तेथील माणसांच्या उपयोगी पडून पाहावे, आणि मग अर्ज करावा.